दोनशेत बारा

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार, दुपारचे साडेचार. मागितलेली रक्कम दोन लाख सोळा हजार रुपये. हजर माणसं दहा: आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कधी ना कधी शिकून पुढे कतारला आलेले आम्ही नऊजण, आणि त्या कॉलेजच्या संस्थेचे सचिव बापूसाहेब. जागा माझा हॉल, दोह्यातलं बिन महमूद, तिसरा मजला. त्या आठवड्यात रियालचा भाव चोवीस होता, म्हणजे नऊ हजार रियाल, म्हणजे माणशी एक हजार. हा भागाकार बापूसाहेब आधीच करून आले होते. आदल्या दिवशी त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, "चहाला साधारण किती मंडळी असतील रे?" मी सरळपणे नऊ म्हणून सांगितलं. माझ्या घरचा चहा प्यायच्या आधी माझा वाटा काढून ठेवणारा माणूस मला आवडत नाही. तेव्हा आवडला नाही, आजही आवडत नाही.

आता परत तेच दिवस आलेत. दोह्यात एक संध्याकाळ अशी येते की विद्या, माझी बायको, एसी बंद करते आणि हॉलची खिडकी सरकवते. सहा महिने बंद राहिलेल्या खिडकीच्या खोबणीत वाळूची पिठी साठलेली असते, ती ओल्या फडक्यानं पुसून काढावी लागते. मग काचेपलीकडे अडकून पडलेले आवाज एकदम आत येतात. खालच्या टपरीवर करक चहाचे पेले काउंटरवर ठेवल्याचा आवाज. शेजारच्या पार्किंगमध्ये टेप गुंडाळलेला चेंडू भिंतीवर आपटल्याचा. मागच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी दोन पाइप रोवून व्हॉलीबॉलची जाळी ताणलेली असते आणि तिकडून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, ऐकू येत राहतं. उन्हाळाभर ऑफिस, गाडी आणि घर या तीन थंड डब्यांत राहिलेली माणसं बाहेर पडून घाम गाळायला लागतात. इथला खेळाचा मोसम हाच. समुद्राकडून दमट वारा येतो, दुसऱ्या कोणाला त्यात काय वास येतो ठाऊक नाही. मला फक्कीचा येतो.

चुन्याची फक्की. पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून, तो डबा सुतळीवर हलवत नेऊन मैदानाच्या रेषा मारायच्या. आमच्या कॉलेजात दिवाळीनंतर हे काम निघे, कारण विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा त्याच सुमाराला असत. सकाळी दव पडून माती दबलेली असे आणि तिच्यावर ती पांढरी रेघ इतकी ताजी दिसे की ओलांडायला नको वाटे. मी खेळाडू नव्हतो. माझे गुडघे धावण्याच्या कामाचे नाहीत हे मला शाळेतच कळलं होतं. मी मुलींच्या खो-खो संघाचा गुणलेखक होतो. खांबाशेजारी लाकडी खुर्ची, मांडीवर पाटी, पाटीवर तक्ता, गळ्यात कॉलेजचं एकमेव स्टॉपवॉच. कोणती मुलगी किती वेळ नाबाद राहिली, कोणी कोणाला बाद केलं, हे लिहायचं. आठ मुली आळीपाळीनं विरुद्ध तोंडं करून बसलेल्या, नववी पाठलागावर, आणि पाठीवर थाप पडून "खो" आला की बसलेली मुलगी स्प्रिंगसारखी सुटायची. तिच्या पायाखालची माती माझ्या तक्त्यावर येऊन पडायची. फुंकर मारून आकडा लिहायचा.

आमच्या वडिलांचं किराणा दुकानात वजनकाट्यावर काम होतं. दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या दिवशी ते माझ्याबरोबर आले होते. पावतीवर प्रत्येक ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे साठ रुपये कसले?"

"क्रीडा शुल्क."

"तू खेळतोस?"

"नाही, मी लिहितो."

"म्हणजे मुली खेळणार, तू लिहिणार, आणि साठ रुपये मी देणार."

"सगळेच देतात बाबा."

"सगळे देतात म्हणून तर विचारतोय. सगळ्यांचे मिळून किती झाले ते काढ, आणि मैदानावर किती दिसतात ते बघ."

मी काढले होते. तेव्हा कॉलेजात चारशेच्या आसपास मुलं. चोवीस हजार रुपये. त्या वर्षी मैदानावर दिसलेल्या गोष्टी अशा: बारा हाफ पँटी, दोन खांबांना नवा रंग, टिंक्चरची एक बाटली, आणि सामन्याच्या दिवशी माणशी दोन केळी व मूठभर चणे. त्याच वर्षी आम्ही विभागात पहिले आलो. तुळशीचं लग्न लागल्यावर आमची एक खेळाडू लग्न होऊन गेली, म्हणून संघ अकराचाच होता. अंतिम सामना जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजाच्या मैदानावर, त्यांच्याच संघाशी. त्यांच्याकडे मुलींची निवड करायला रांग लागायची. आमच्याकडे जी पळू शकते तिला घ्यायचे, आणि जी घेतली ती पळू लागायची. एका गड्यानं जिंकलो. परत येताना मुली मालाच्या टेम्पोत उभ्या, हातात स्टीलचा एकेक पेला, पेल्यावर कॉलेजचं नाव. गावात पोचल्यावर ढोल वाजले. हार मात्र बापूसाहेबांच्या वडिलांच्या गळ्यात पडले, कारण संस्था त्यांची. मुली टेम्पोतून खाली उतरून हारांच्या गर्दीच्या मागून घरी गेल्या. मी पाटी आणि स्टॉपवॉच परत करून, ते परत केल्याची सही घेऊन गेलो.

हे सगळं त्या शुक्रवारी माझ्या हॉलमध्ये निघालं. हौसेनं निघालं, आणि तीच तर बापूसाहेबांची तयारी होती. ते मुलीकडे आले होते. मुलगी-जावई वेस्ट बेला राहतात, नातू झालेला. पांढरा सदरा, बोटात पुष्कराज. आधी त्यांनी सगळ्यांना टेम्पोची आठवण करून दिली, मग पेल्याची, आणि ओलावा आला असं दिसल्यावर मुद्द्यावर आले.

"सरकारी कॉलेजाची शिकवणी फी माफ होणार अशी बोलवा आहे. आदेश निघालेला नाही, पण आज ना उद्या निघेल. निघाला की आमच्याकडं कोण येतंय? आमची फी अठरा हजार. तिकडं फुकट. पोरं तिकडं पळणार, आणि पहिला बळी कोणाचा जाणार सांगा. खेळाचा. सुधीर, तू हिशेबी माणूस, तूच प्रमाण काढ. तिकडं दोन हजार पोरं आणि खो-खोचा संघ बाराचा. आमच्याकडं आता दोनशे पोरं, संघ बाराचाच. दोनशेत बारा आणि दोन हजारांत बारा. आपल्या वाडीवस्तीवरच्या पोरीला कुठं उभं राहायला मिळणार?"

मी निविदांचे दर काढण्याचं काम करतो. कोणी आकडा बोलला की तो खरा आहे का हे मी आधी बघतो आणि बोलणारा कोण आहे ते नंतर. हा आकडा खरा होता. पटाचा आकडा लहान असला की मैदानावर जाण्याची पाळी लवकर येते. माझ्यासारख्या न खेळणाऱ्यालासुद्धा खुर्ची मिळते. मला त्याचा राग आला. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडणं सोपं असतं. खरा आकडा ज्याच्या खिशात आहे त्याच्याशी फार अवघड जातं.

"मग आमच्याकडून काय हवं?" मी विचारलं.

"बारा मुलींची वर्षाची फी तुम्ही नऊजणांनी उचलायची. बारा गुणिले अठरा. मुली फुकट शिकतील, म्हणजे तिकडं जाणार नाहीत, संघ राहील."

निखिल म्हणून एक मुलगा आमच्यात सगळ्यांत लहान, दोन वर्षांच्या करारावर बँकेच्या आयटीत आलेला. तो फोनवरची मान वर न करता म्हणाला, "पण फ्री होतंय तर चांगलंच आहे ना? हजारो पोरांना एज्युकेशन मिळणार. तुम्ही खो-खोचं काय धरून बसलाय? ज्यांना खेळायचंय ते खेळतील."

"कुठं खेळतील?" मी विचारलं.

"कुठेही. ग्राउंडची काय कमी आहे इंडियात?"

दर महिन्याला जिमचे साडेतीनशे रियाल भरणारा हा मुलगा. मला त्याचाही राग आला. त्या दिवशी माझा राग कोणालाच कमी पडला नाही.

एवढ्यात माझा मुलगा ओम आतून पाण्याची बाटली घ्यायला आला. त्याची फुटबॉल अकादमीची वेळ झाली होती. तिचे महिन्याचे चारशे रियाल, बूट वेगळे. तो मराठी सगळं समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. दारात उभं राहून दोन मिनिटं त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "बाबा, व्हाय डोंट दे जस्ट बुक अ टर्फ?" सगळे हसले. बापूसाहेब जरा उशिरा हसले.

तानाजी हसला नाही. तानाजी मेसईदला एका कारखान्यात वेल्डर आहे, सतरा वर्षं झाली, कुटुंब गावी. शुक्रवारी कंपनीच्या बसनं दोह्याला येतो, नमाजनंतर दुकानं उघडली की सामान घेतो, आमच्याकडे चहा पितो आणि सातच्या बसनं परत जातो. त्याची मुलगी सारिका तेव्हा त्याच संस्थेत बारावी सायन्सला होती आणि खो-खो खेळत होती. चांगली खेळत होती. खांबाजवळून वळताना ती अंग असं झुकवते की हात खांबाला आहे आणि पाय पुढच्या माणसाच्या सावलीत. तानाजीच्या फोनवर तिच्या खेळाच्या चित्रफिती होत्या, आणि त्या आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा पाहिल्या होत्या की कुठल्या सामन्यात पंच शिट्टी उशिरा मारतो तेही पाठ होतं. बापूसाहेबांनी तानाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"हिचाच संघ आहे हा. पुढच्या जूनमध्ये सीनियरला आली की कॅप्टन हिला करायचं मी ठरवलंय. काय तानाजीराव?"

तानाजीनं पँटच्या खिशातून पाकीट काढलं, पाचशे रियालच्या दोन नोटा काढल्या आणि चहाच्या ट्रेशेजारी ठेवल्या. नीट, एकावर एक. त्याचा खर्च वजा जाता महिन्याला जे उरतं त्यातला तो जवळजवळ अर्धा भाग होता. हॉलमध्ये बसलेल्या बाकीच्यांचा पगार त्याच्या तिप्पट-चौपट, आणि पाकीट त्याचं पहिलं निघालं.

"उचल ते," मी म्हणालो.

"आसू द्या दादा."

"इथं परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणं कायद्यात बसत नाही. माझ्या हॉलमध्ये तर नाहीच नाही."

"अरे, वर्गणी कुठं?" बापूसाहेब म्हणाले. "ही गुरुदक्षिणा."

"गुरू कोण?"

विद्यानं बशीतल्या चकल्या उगीच सारख्या केल्या. मी मग विचारायचं ते विचारलं. खेळाडू मुलींना फुकट प्रवेश कुठल्या वर्गाला? बी.ए.ला, बापूसाहेब म्हणाले. बी.ए.च्या वर्गाच्या जागा किती? सत्तर. भरलेल्या? त्यांनी छताकडे पाहिलं. आकडा निखिलनं कॉलेजच्या वेबसाइटवरून काढून दिला, तेवढा त्याचा उपयोग झाला. एकतीस.

"म्हणजे एकोणचाळीस बाकं रिकामी," मी म्हणालो. "त्यांतल्या बारांवर बारा मुली बसवल्या तर संस्थेचा जादा खर्च किती? मास्तर तेच, पंखा तोच, खडू तोच. रिकाम्या बाकाचे तुम्ही आमच्याकडून अठरा हजार घेणार. बारा हाफ पँटी, एक टेम्पो आणि केळी यांचे किती होतात ते सांगा, ते मी एकटा देतो, मुलींच्या हातात देतो."

"संस्था अशी चालत नाही, सुधीर."

"मग कशी चालते?"

"मेंटेनन्स असतो," बापूसाहेब म्हणाले, आणि रुमालानं मान पुसली. खिडकीतून थंड वारा येत होता.

तेवढ्यात तानाजीचा फोन वाजला. शुक्रवारी सहाला सारिका फोन करते हे सगळ्यांना माहीत. बापूसाहेब आनंदानं म्हणाले, "लावा लावा, स्पीकरवर लावा, तिलाच विचारू." पडद्यावर सारिका आली, केस ओले, मागे गोठ्याचा पत्रा.

"बोल बाळ, बापूसाहेब बोलतोय. आपल्याच कॉलेजला राहणार ना? संघ सोडून जाणार नाहीस ना?"

बाप सचिवांच्या शेजारी बसलेला तिला दिसत होता.

"सर, मला खेळायचंय. पण मला बीएस्सी करायचंय. केमिस्ट्री. आपल्याकडं सीनियरला लॅब न्हाई."

"बी.ए. करून पुढं काय वाईट होतं का?"

"वाईट कोण म्हणतंय? पण मी बारावीला सायन्स घेऊन तीन-तीन तास जर्नलं लिहिली ती बी.ए.ला जायला व्हय? आणि सर, मागच्या महिन्यात आम्ही मिरजंला खेळायला गेलो तवा टेम्पोचे पैसे आम्हीच गोळा केले. माणशी ऐंशी. मग फुकट काय आहे त्यात?"

हॉलमध्ये कोणीतरी हसू दाबलं. तानाजीनं घाईनं स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. बापूसाहेब म्हणाले, "पोरगी तिखट आहे. कॅप्टन अशीच लागते." माणूस पडला तरी उठताना मूठभर माती घेऊन उठतो, तसं.

त्या संध्याकाळी मी बापूसाहेबांना काही दिलं नाही. आठांपैकी चौघांनी नंतर आपापल्या मनी एक्स्चेंजवरून परस्पर पाठवले, मला न सांगता. मला कळलं ते कळलंच. तानाजीच्या दोन नोटा मी ट्रेवरून उचलून, लिफ्टपर्यंत त्याच्याबरोबर जाऊन, त्याच्या खिशात घातल्या. लिफ्टची वाट बघताना तो म्हणाला, "दादा, तुम्ही त्यांचा हिशेब चुकीचा काढून दाखवला. पर त्यो दोनशेत बारावाला हिशेब चुकीचा हाय का?"

"नाही. तो बरोबर आहे."

"मग सरकारी कालेजात गेली, फुकट शिकली, तर खेळ खलास?"

"तिथं निवड होईल तिची."

"तिथली प्रॅक्टिस सकाळी साडेसाला आस्ती. आमच्या गावची पहिली यष्टी तिथं पोचती पावणेआठला. मी इच्यारलंय." लिफ्ट आली. आत शिरून त्यानं दार हातानं धरून ठेवलं. "खेळताना बघितली की मला मेसईदला झोप चांगली लागती. येवढंच हाय बगा माझं. बाकी ती शिकंल, आपल्या हिमतीवर शिकंल." दार लागलं.

मला या प्रश्नाची चीड येते ती इथं. फी माफ करणारे म्हणतात, बघा, दार उघडलं. फी घेणारे म्हणतात, बघा, खेळ बुडाला. दोघंही त्या पावणेआठच्या एसटीबद्दल बोलत नाहीत. मोठ्या कॉलेजाला तिची गरज नाही, कारण निवडायला दोन हजार आहेत. लहान कॉलेजाला तिची गरज आहे, पण हारांपुरती. शिक्षण फुकट मिळावं की नाही हे मला कोणी विचारलं तर मी मिळावं म्हणेन, माझ्या वडिलांच्या पावतीवरच्या प्रत्येक ओळीची आठवण ठेवून म्हणेन. पण ज्या दिवशी ते फुकट होईल त्या दिवशी तालुक्यातालुक्यातलं एकेक मैदान रिकामं होईल, हेही खरं, आणि त्याची भरपाई कुठल्याही आदेशात नसेल. इथं दोह्यात ओमला खेळायचं झालं की मी चारशे रियाल भरतो आणि हिरवळ तयार असते. त्या पैशात काय काय येतं याचं गणित मी करत नाही. केलं तर गाडी चालवता येणार नाही.

तो हिवाळा असाच गेला. शुक्रवारी तानाजी यायचा, चित्रफीत दाखवायचा. जानेवारीत सारिकाच्या संघानं तालुका मारला. फेब्रुवारीत तिच्या गुडघ्याला लागलं, तानाजीनं दोन शुक्रवार चहा अर्धा टाकला. मार्चमध्ये वाऱ्यात उकाडा आला, वाळूचं धुरकं बसलं, मागच्या प्लॉटवरची जाळी कोणीतरी सोडून नेली, विद्यानं खिडकी लावली.

जूनमध्ये तीन गोष्टी झाल्या. माफीचा आदेश निघाला नाही. आज हे लिहीपर्यंत निघालेला नाही. पण बोलवा खरी धरून तालुक्यातली मुलं जिल्ह्याला गेली, आणि आमच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मोजकी उरली. आणि बापूसाहेबांनी खेळाडूंचे फुकट प्रवेशच बंद केले. मुली पुरत नाहीत तर संघ कशाचा, असं त्यांचं म्हणणं. न निघालेल्या आदेशानं संघ मोडला. सारिका बीएस्सीला सरकारी कॉलेजात गेली. फी चार हजार आठशे साठ, तानाजीनं भरली, त्या दोन नोटांमधून भरूनही पुष्कळ उरले. ती निवडीला गेली होती. पाय बघून तिथल्या मॅडम खूष झाल्या, मग म्हणाल्या, साडेसहाला येशील का? ती म्हणाली, पावणेआठला येते. मॅडम म्हणाल्या, पुढची.

संस्थेनं त्या पावसाळ्यात खो-खोच्या मैदानाच्या अर्ध्या भागावर हिरवं कृत्रिम गवत घातलं, भोवती जाळी, वर दिवे. टर्फ. गावातले व्यापारी, डॉक्टर, पतसंस्थेचे कर्मचारी तिथं संध्याकाळी बॉक्स क्रिकेट खेळतात, ताशी सहाशे रुपये. आमच्या चौघांनी पाठवलेले पैसे त्यात गेले की नाही मला ठाऊक नाही, विचारलं तर बापूसाहेब म्हणाले, "खेळालाच गेले ना?" मी फोनवर खूप बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुझं संपलं का? आता माझं ऐक. फी येत नाही. शिपायाचा पगार द्यायचाय. टर्फचे महिन्याला साठ-सत्तर हजार सुटतात. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस, हिशेबी माणसा?"

मी हिशेब केला. तो बरोबर आहे. मला तेच सहन होत नाही.

गेल्या महिन्यात सारिकाचा मला थेट फोन आला. तानाजीला न सांगता केला असावा, कारण आवाज बारीक होता.

"काका, आम्ही सातजणी जुन्या आहोत. तिघी जिल्ह्याला शिकतात, दोघी कराडला, दोघी घरी. रविवारी सगळ्या गावात असतो. शाळेतल्या नववीच्या दोघी मिळाल्या, नऊ झालो."

"कुणाकडून खेळणार? विद्यापीठात कॉलेजातर्फेच उतरावं लागतं."

"कुणाकडून न्हाई. नुसतं खेळणार. टर्फच्या पलीकडं मातीचा तुकडा आहे अजून, खांब आहेत. पण गेटला कुलूप आस्तं. शिपाईमामा म्हणतात सचिवांना विचारा. सचिव म्हणतात, भाडं लागंल. दोन तासांचे तीनशे. तुम्ही आपल्याच पोरी म्हणून टर्फच्या पाव दरात."

"मातीचे तीनशे?"

"मातीचे." ती हसली. "गवताला काका, आमचे पाय चालत न्हाईत. पण तुम्ही बोलून बघा की, सोडतील तीनशे."

"बोलतो. ते सोडणार नाहीत."

मी बोललो. त्यांनी सोडले नाहीत. वर म्हणाले, "सुधीर, गेल्या वर्षी तू म्हणाला होतास, मुलींच्या हातात देतो. दे की."

परवा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, तानाजी आला. खिडकी उघडी होती. त्यानं चहा घेतला, फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. मातीचा तो तुकडा, एका बाजूला टर्फची हिरवी जाळी. फक्कीच्या रेषा वेड्यावाकड्या, डबा नवशिक्या हातात असणार. सारिका खांबापाशी वळते, अंग झुकतं, आणि तिच्या पायाची माती उडून जाळीवर बसते. जाळीच्या आत बॅट धरून उभा असलेला एक ढेरपोट्या माणूस खेळ थांबवून बघत राहतो.

"मैदान कसं काय दिलं म्हणायचं त्यांनी?" तानाजी म्हणाला. "सुधारला वाटतं माणूस."

"बघ ना," मी म्हणालो.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सतरा रविवार. त्यांतला एक दिवाळीनंतरच्या लग्नाच्या गर्दीत जातो म्हणून सोडला, सोळा धरले. दर रविवारी तीनशेप्रमाणे चार हजार आठशे रुपये, आगाऊ, एकरकमी. मी ते वेस्ट बेच्या एक्स्चेंजमधून पाठवले. मिळाले आमच्या कॉलेजला, सचिव बापूसाहेब यांच्या हस्ते.